आधी घोडा, मग रेघ

मार्तंडराव जळकोटकर चित्रकलेचे मास्तर झाले ते त्यांच्या अक्षरामुळं, आणि तेही उर्दू अक्षरामुळं. निजामाच्या राज्यात ते तुळजापूरच्या तहशिलीत अहलकार, म्हणजे कारकून होते. बोरू तासून उर्दू लिहावं तर मार्तंडरावांनी. त्यांच्या हातची दरख्वास्त गेली की मोठा साहेब आधी ती डोळे भरून पाही आणि मगच नामंजूर करी, अशी त्यांची ख्याती होती. पुढं पोलिस ॲक्शन झाली, राज्य गेलं, मग हळूहळू दफ्तरातून उर्दूही गेली. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, तेव्हा मार्तंडरावांच्या हाती बोरू तेवढा राहिला. बालबोध अक्षर त्यांचं बेताचंच होतं. मोडी येत होती, पण मोडी येणारे तहशिलीत पैशाला पासरी होते.

एखाद्या माणसाला काढताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, अशी अडचण आली की सरकार त्याला शाळेत पाठवतं. पुण्याकडून नवे आलेले एक साहेब जास्तीच्या कारकुनांची वाट लावायला बसले होते. त्यांच्यापुढं मार्तंडरावांच्या जुन्या मिसली, म्हणजे फायली आल्या. साहेबांना उर्दूतला अलिफ ठाऊक नव्हता, त्यामुळं हे लिखाण नसून नक्षी आहे असाच त्यांचा समज झाला. "काय हात आहे हो! अगदी चित्र!" असं म्हणून त्यांनी मार्तंडरावांना मुरूम गावातल्या एका शाळेवर ड्रॉइंग मास्तर नेमलं. नेमणूक अर्थातच तात्पुरती होती. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी.

मार्तंडरावांनी उभ्या जन्मात चित्र काढलं नव्हतं. पण वय पंचेचाळिशीच्या पुढं, घरात बायको शारदाबाई आणि आठवीत जाणारी मुलगी लीला, आणि जळकोटची जमीन कूळकायद्यात कुळाकडं गेलेली. अशा माणसाला 'मला चित्र येत नाही' एवढं साधं वाक्य बोलणं परवडत नाही. ते बोरू, दौत, बायको आणि मुलगी घेऊन मुरूमला आले आणि तिथल्या एका लिंगायत वाण्याच्या दोन खोल्यांत राहू लागले.

शाळा पहिली ते आठवी होती. हेडमास्तर भीमाशंकरप्पा घरात कानडी बोलत, शाळेत मराठी बोलत आणि रागावले की हैदराबादी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मार्तंडरावांना बोलावून घेतलं.

"मास्तर, मुंबई सरकारचा हुकूम आलाय. पहिलीपासून चित्रकला पाहिजे म्हणं. मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग हाय की, त्येलासुद्धा. कुठल्या वयाला कुठलं पुस्तक लावायचं, ते जाणकारानं ठरवायचंय. इथं जाणकार तुम्हीच."

आंधळ्या गाईत लंगडी गाय शहाणी म्हणतात. मार्तंडराव तर चारी पायांनी अधू होते, पण कळपात दुसरी गायच नव्हती. "जी हुजूर," असं जुन्या सवयीनं म्हणून ते बाहेर आले आणि थेट माणिकप्पाच्या दुकानात गेले.

माणिकप्पाचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी होतं. एका अंगाला गूळ-डाळ, दुसऱ्या अंगाला पाट्या-पुस्तकं आणि मधे माणिकप्पा. वर्षाच्या सुरवातीला त्याच्या पुस्तकांना गुळाचा वास येई आणि वर्षाअखेरीला गुळाला शाईचा. त्यानं मुंबईहून चित्रकलेच्या पुस्तकाचा नमुना मागवून ठेवला होता. पुस्तकाचे तीन भाग होते, पण नमुना म्हणून तिन्ही एकत्र शिवून जाड्या पुठ्ठ्यात बांधून पाठवले होते. पुठ्ठ्यावर ना पुढून नाव, ना मागून. आत सगळी चित्रंच, आणि नावाचं म्हणून एकच पान, तेही इंग्रजीत. मार्तंडरावांचं इंग्रजी सहीपुरतं होतं.

ते पुस्तक घेऊन घराच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी ते उघडलं. आता उर्दू पुस्तक उघडतं ते आपल्या पुस्तकाच्या शेवटाकडून. पाव शतक मिसली उलटून उलटून मार्तंडरावांच्या हाताला तीच दिशा ठाऊक होती. मराठी पुस्तक असतं तर अक्षरांनीच हात धरून त्यांना सुलट बाजूला नेलं असतं, पण इथं अक्षरंच नव्हती. हातानं आपलं जुनं काम केलं, आणि पहिलं पान म्हणून मार्तंडरावांच्या पुढ्यात एक घोडा आला.

साधासुधा टांग्याचा नव्हे, मुंबईच्या शर्यतीचा. चारी पाय हवेत, शेपूट आडवी, पाठीवर टोपीवाला स्वार. मार्तंडरावांना घाम फुटला. पण जसजशी पानं उलटत गेली तसतसा त्यांचा जीव भांड्यात पडला. घोड्यामागून टांगा आला, माणसं आली, मग तांब्या, वांगं, केळीचं पान, मग नुसती वर्तुळं आणि चौकोन, आणि सगळ्यात शेवटी एक सरळ रेघ. त्यानंतर ते इंग्रजी नावाचं पान. जुन्या फारसी पोथ्यांत लिहिणाऱ्याचं नाव शेवटीच असे, त्यामुळं त्यातही त्यांना वावगं काही दिसलं नाही. उलट मुंबईसारख्या ठिकाणी अजून जुनी रीत पाळतात, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

आता प्रश्न राहिला कोणत्या वयाला कोणता भाग. मार्तंडरावांनी त्यावर दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण या प्रकरणात प्रामाणिकपणा एवढाच झाला. पुस्तक करणाऱ्यानं अवघड आधी आणि सोपं नंतर ठेवलंय, तेव्हा त्यात काहीतरी मर्म असणार. आणि मर्म शोधायला बसलं की ते सापडतंच. लहानपणी अंगात रग असते, पोर कशालाही भीत नाही, तेव्हाच घोडा उरकून घ्यावा. वय वाढतं तशी रग ओसरते, माणूस तांब्याभांड्याला लागतो. म्हातारपणी तर एक सरळ रेघ ओढता आली तरी पुष्कळ झालं. हे सुचल्यावर मार्तंडराव स्वतःच गहिवरले. चित्रकलेत एवढा वेदान्त भरलाय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा ठरलं असं, की पहिली ते चौथीला घोड्याचा भाग, पाचवी ते सातवीला तांब्या-वांग्याचा, आठवीला रेघा आणि वर्तुळांचा, आणि साक्षरतेच्या वर्गातल्या मोठ्या माणसांना त्यातल्याही नुसत्या रेघा. भीमाशंकरप्पांनी मसुदा वाचला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, आणि ज्यातलं काही कळत नाही त्यावर ते ताबडतोब सही करत. पुस्तकांची मागणी मुंबईला गेली.

गठ्ठे आले ते बाजाराच्या दिवशी. माणिकप्पानं दुकानातच सुतळी सोडली. भीमाशंकरप्पा शेजारी गुळाची ढेप टोचून बघत उभे होते, बाजाराला आलेली पाचपंचवीस माणसं नवी पुस्तकं बघायला जमली होती. या वेळी भाग सुटे होते आणि त्यांना रंगीत वेष्टणं होती. रेघांच्या भागावर ठसठशीत एकचा आकडा होता. तांब्यावर दोनचा. घोड्यावर तीनचा.

"पंत," माणिकप्पा म्हणाला, "बारक्यांला तीन नंबर आन् मोठ्यांला एक नंबर? हे उलटं झालं की हो!"

मार्तंडरावांनी एक पुस्तक हातात घेतलं, शिवण कोणत्या बाजूला आहे ते बघितलं, आणि एका क्षणात त्यांना सगळं कळलं. खरं सांगायचं तर तीच वेळ होती. 'चुकलं बुवा, मी पुस्तक उलटं उघडलं' एवढंच म्हणायचं होतं. माणिकप्पा हसला असता, बाजार हसला असता, पुस्तकांची फक्त वाटणी बदलावी लागली असती. पण मग त्यापुढचं वाक्य कोणीतरी बोललंच असतं, की ज्याला पुस्तकाची पुढची बाजू कळत नाही तो मास्तर कसला? आणि नेमणूक तर तात्पुरती. एक नोकरी उर्दूबरोबर गेली होती, दुसरीही पहिल्याच जूनमध्ये जायची वेळ आली होती.

"माणिकप्पा," मार्तंडराव सावकाश म्हणाले, "मुंबईची नवी पद्धत आहे. आधी घोडा, मग रेघ." आणि ओट्यावर सुचलेला सगळा वेदान्त त्यांनी बोलून दाखवला. शब्द तेच होते. पहिल्यांदा ते खरे वाटत होते, आता वाटत नव्हते, एवढाच फरक. पण बाजारावर परिणाम आता जास्त झाला.

"मुंबईची म्हणता, मग बरूबर असंल," माणिकप्पा म्हणाला. "तिकडली माणसं कायबी करत्यात."

भीमाशंकरप्पांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मान डोलावली. त्यांनी सही आधीच केली होती.

घरी मात्र परीक्षा अवघड होती. लीलाला चित्रांचं वेड होतं. परसातल्या भिंतीवर ती कोळशानं कावळे काढी, शेजारणीची शेळी काढी, पाणी भरायला वाकलेल्या बाया काढी. आपले वडील ड्रॉइंग मास्तर झाले याचा आनंद त्या घरात खरा तिलाच झाला होता. वडिलांना चित्र काढताना तिनं कधी बघितलं नव्हतं. पण खरी मोठी माणसं आपली कला उठसूट दाखवत नसतात, असं शारदाबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. शारदाबाई हुशार होत्या.

"आण्णा," लीलानं विचारलं, "आम्हाला नुसत्या रेघाच? घोडा नाही?"

"घोडा लहानांचा, बाळ. मोठ्यांची रेघ. मोठं झाल्यावर घोडे काढत बसायचं नसतं."

मुंबईच्या साहेबांनी सांगितलेलं बाकीचे लोक जसं मानत, तसं लीला आण्णांनी सांगितलेलं मानी. दुसऱ्या दिवशीपासून परसातल्या भिंतीवर कावळे यायचे बंद झाले.

मग मुरूममध्ये घोड्यांचं वर्ष सुरू झालं. पहिली ते चौथीच्या पोरांना घोडा अवघड असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं ती सपाटून घोडे काढू लागली. शर्यतीचा घोडा त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, बैल मात्र रोज पाहत होती. हात सवयीनं बैलाकडं वळे, आणि बऱ्याच घोड्यांना वशिंड आलं, काहींना शिंगं फुटली. वह्या पुरेनात म्हणून पोरं भिंतींवर गेली. शाळेजवळ राहणाऱ्या धुरपदाबाईंनी सणाला घर सारवून पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला होता, त्यावर एका सकाळीत घोड्यांचा तांडा उतरला. त्या तशाच शाळेत आल्या.

"मास्तर, तुमच्या पोरांनी माज्या भितीवर घोडी बांदली. आता चारा कोन घालनार, तुमी का हेडमास्तर?"

मार्तंडरावांनी त्यांना नव्या पद्धतीचं मर्म समजावून सांगितलं. धुरपदाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि जाताना 'रांडच्यांनो' एवढंच म्हणाल्या. नव्या पद्धतीवरचं तेवढं एक परखड मत.

आठवीतल्या पोरांची अवस्था वाईट होती. मिसरूड फुटलेली मुलं तासभर रेघा ओढत आणि घरी त्यांचे शेंबडे भाऊ घोडे नाचवत. साक्षरतेच्या वर्गात दगडोबा नावाचा एक म्हातारा शेतकरी होता. त्यानं पहिल्याच दिवशी एक रेघ ओढली आणि विचारलं, "ह्याच्या फुडं काय, मास्तर?" पुढं काही नाही, हेच शेवटचं, असं कळल्यावर "मंग ब्येस हाय" म्हणून तो उठून गेला तो पुन्हा आलाच नाही. संपूर्ण अभ्यासक्रम पुरा केलेला तो जिल्ह्यातला पहिला विद्यार्थी म्हणायचा.

मार्तंडराव शिकवत ते असं, की पुस्तकातलं पान उघडून फळ्याला टांगत, "पाहा आणि काढा" म्हणत आणि हात पाठीशी बांधून बाकांमधून फिरत. कोणी अडून विचारलं, "सर, हा पाय कसा काढायचा?" तर म्हणत, "निरीक्षण कर." खडूला त्यांनी वर्षभर हात लावला नाही. त्यामुळं त्यांचा दरारा फार वाढला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरंच. पण आडाचं तोंड झाकून ठेवलं तर वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या वर्षी औरंगाबादेहून चित्रकलेचे तपासनीस आले. मार्तंडरावांना सकाळपासून अन्न गेलं नाही. हा माणूस मुंबईत शिकलेला, याला एका नजरेत कळणार, आणि मग कसलं कायम न् कसलं काय. साहेबांनी पहिलीतले घोडे बघितले, आठवीतल्या रेघा बघितल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तोंड उघडणार तेवढ्यात भीमाशंकरप्पा अभिमानानं म्हणाले, "साहेब, मुंबईची नवी पद्धत चालू केलीय आम्ही."

मुंबई सोडून साहेबांना तीन वर्षं झाली होती. त्यांच्यामागं तिकडं नवी पद्धत निघाली आणि ती मुरूमपर्यंत पोचली तरी आपल्याला खबर नाही, हे कबूल करायचं कोणत्या तोंडानं? "हो, हो," ते म्हणाले, "हल्ली तिकडं हेच चाललंय." आणि मग तेच मार्तंडरावांना ती पद्धत समजावून सांगू लागले. मार्तंडराव हात जोडून ऐकत राहिले.

शेवटी साहेबांनी लीलाची वही उचलली. तिची आठवी संपली होती, पण पाहुणे आले की भीमाशंकरप्पा तिला घरून बोलावून घेत, कारण तिच्यासारखी रेघ जिल्ह्यात कोणाची नव्हती. पट्टी न लावता कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ती अशी रेघ ओढी, की कुठं थरथर नाही, कुठं बाक नाही. साहेबांनी तिला फळ्यावर रेघ ओढायला लावली. तिनं ओढली. "याला म्हणतात पाया!" साहेब म्हणाले. पाया सगळ्यात शेवटी कसा घालतात, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

पुढच्या जूनमध्ये वरून परिपत्रक आलं. वयानुसार चित्रकलेची पुस्तकं निवडायच्या या रीतीला त्यात 'अवरोही पद्धत' असं नाव दिलं होतं. सरकारी कामात चुकीला एकदा संस्कृत नाव मिळालं की ती मोडायची कोणाची छाती होत नाही. भूमपासून उमरग्यापर्यंत पहिलीतली पोरं घोडे काढू लागली आणि आठवीतली रेघा. माणिकप्पानं तपकिरी रंगाच्या कांड्या पेटीनं आणल्या.

मार्तंडरावांचं नाव झालं. रस्त्यानं जाताना लोक उठून नमस्कार करत. पण घरी आले की त्यांना लीला दिसे. शाळा संपल्यापासून ती घरीच होती, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. हाती कागद आला की ती रेघा ओढी. दारापुढं रांगोळी काढायला बसली तरी आईनं सांगितलेली कमळं आणि मोर सोडून चारी बाजूंनी सरळ रेघा घालून उठे. "हे काय गं, कुंपण घातल्यासारखं?" शारदाबाई म्हणत. लीला म्हणे, "मोठ्यांची असते तशी आहे, आई." मार्तंडराव ते ऐकत आणि चप्पल घालून बाहेर जात. त्यांना स्वतःची लाज वाटे, अगदी पोटातून वाटे. पण कायम व्हायचं अजून बाकी होतं, आणि लाज ही कायम झालेल्या माणसानं बाळगायची चीज आहे, असं म्हणून ते मनाची समजूत घालत.

साठ साली महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षी उस्मानाबादेला चित्रकला शिक्षकांचं शिबिर भरलं. मुख्य भाषण मार्तंडरावांचं होतं. विषय, चित्रकलेच्या पुस्तकांची वयानुसार निवड. भाषण झालं की त्यांना तिथंच व्यासपीठावर कायम नेमणुकीचा हुकूम द्यायचा, असंही ठरलं होतं. लीलाचं लग्न तोवर ठरलं होतं, मुलगा लातूरला नोकरीला होता. सगळं कसं जुळून आलं होतं.

भाषण चांगलं झालं. रग, ओसरती रग, म्हातारपणची रेघ, सगळं सांगून झालं. टाळ्या पडल्या. मग भूमकडून आलेला बलभीम नावाचा एक तरुण मास्तर उठला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो भक्तिभावानं म्हणाला, "सर, एक इच्छा हाय. तुमच्या हातचा घोडा आमाला फळ्यावर बघायचाय."

सभेनं ती इच्छा उचलून धरली. शिबिराला आलेल्या तपासनीस साहेबांनी स्वतः खडू आणून मार्तंडरावांच्या हातात दिला. मार्तंडराव फळ्यापुढं उभे राहिले. फळा काळाकुळकुळीत होता आणि त्याला कुठून हात घालावा हे त्यांना समजेना. 'निरीक्षण करा' म्हणायची सोय इथं नव्हती. त्यांना घोडा आठवेना, आठवल्या त्या दारापुढच्या सरळ रेघा. मग मात्र त्यांच्यानं राहवेना. त्यांनी खडू खाली ठेवला आणि सभेकडं तोंड केलं.

"मला घोडा येत नाही," ते म्हणाले. "घोडाच काय, मला सरळ रेघसुद्धा येत नाही. मी तहशिलीतला उर्दू कारकून. पुस्तक मी सवयीनं उलट्या बाजूनं उघडलं आणि शेवट तो आरंभ समजलो. पद्धत वगैरे काही नाही. पहिलीच्या पोरांना रेघ द्यायला पाहिजे होती आणि मोठ्यांना घोडा. मी चुकलो, आणि नोकरीच्या भयानं गप्प बसलो."

मग साहेब खो खो हसले, आणि साहेब हसले म्हणून सगळी सभा हसली. हसण्याच्या मागोमाग टाळ्या सुरू झाल्या.

"पाहिलंत?" साहेब डोळे पुसत म्हणाले. "एवढं नाव झालं, पण हा विनय! आणि ही विनोदबुद्धी!"

"विनय नाही, साहेब, अगदी खरं सांगतोय," मार्तंडराव काकुळतीनं म्हणाले. टाळ्यांचा जोर आणखी वाढला. बलभीमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खऱ्या कलावंताला मागितल्याबरोबर चित्र काढायला लावू नये, ही चूक आपल्या हातून घडली, असं त्यानं नंतर पायाला हात लावून सांगितलं. कायमचा हुकूम मार्तंडरावांच्या हातात पडला. ते हार घातलेल्या अवस्थेतच बसमध्ये बसले, आणि कंडक्टरनंही त्यांना खिडकीजवळची जागा दिली.

घरी आल्यावर त्यांनी हुकूम देवापुढं ठेवला. शारदाबाईंनी विचारलं, "झालं ना एकदाचं कायम?" ते हो म्हणाले, आणि मग बायकोला आणि मुलीला समोर बसवून त्यांनी सभेत सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. लोक हसले, हेही सांगितलं. त्यांना वाटलं, घरातही हसतील, मग विषय संपेल.

शारदाबाई हसल्या नाहीत. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पंचांगसुद्धा मागूनच उघडता. पण बोलून दाखवलं असतं तर खाल्लं काय असतं?" आणि त्या चुलीकडं गेल्या.

लीला पण हसली नाही. भरल्या सभेनं न मानलेली गोष्ट तिनं ऐकल्याबरोबर मानली. थोडा वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे आण्णा, घोडा आमचा होता?"

मार्तंडराव उठले, शाळेत गेले, कपाटातून तिसरा भाग काढून घेऊन आले आणि कोरी वही आणि पेन्सिलीसकट लीलापुढं ठेवला. लीलानं पुस्तक सुलट बाजूनं उघडलं, पानं उलटत शेवटाला आली, आणि घोड्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा उजळला. मार्तंडरावांनी तिला तसं बघितलं ते परसातल्या कावळ्यांच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच. ते तिच्याजवळ बसले. बाप म्हणून बसले की विद्यार्थी म्हणून, हे त्यांनाच ठाऊक.

तिनं पेन्सिल टेकवली आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठ काढली. ती फळीसारखी सरळ आली. तिनं खोडलं आणि पुन्हा काढली. पुन्हा सरळ. पोट काढायला गेली, तेही सरळ. कुठं थरथर नाही, कुठं बाक नाही. घोड्याच्या अंगात एकही सरळ रेघ नसते, हे मार्तंडरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं पोरांना 'निरीक्षण कर' म्हणत होते ते, पण स्वतः केलं ते आत्ता.

"वाकत नाही, आण्णा," लीला म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "हात वाकतच नाही आता."

"वाकेल, बाळ. रोज थोडं थोडं काढ."

"वैशाखात जायचंय मला," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून भीमाशंकरप्पांची हाक आली. कायम झाल्याचे पेढे मागायला ते अर्ध्या शाळेला घेऊन आले होते, बरोबर माणिकप्पाही होता. शारदाबाईंनी आतून साखरेची वाटी दिली, पेढे उद्या म्हणून सांगा म्हणाल्या. लीलानं वही मिटली, पदर सारखा केला, आणि ती साखर वाटायला बाहेर गेली.